पहिल्या खणातली कोकरं

"म्याडम, ह्यांना आज बी पेंड न्हाईच?"

घमेलं हातात धरून आबा पहिल्या खणाच्या फाटकाशी उभे होते. मी नुकताच तोलून ओतलेला खुराक त्यांनी बोटांनी वर-खाली करून पाहिला.

"आहे की आबा. थोडी आहे."

"थोडी म्हंजे न्हाईच. आन् त्या पल्याडच्यांस्नी बघा, नुस्ती पेंडच पेंड. एका पंगतीत असा दुजाभाव बरा नव्हं."

"ही पंगत नाही, आबा. प्रयोग आहे."

"ते तुमास्नी ठावं. कोकराला काय ठावं?"

मी दुसऱ्या खणाचा खुराक तोलायला घेतला. सकाळी सकाळी त्यांच्याशी वाद घालायचा म्हणजे दिवस वाया. चोवीस वर्षांची होते मी, पशुवैद्यक महाविद्यालयाच्या मेंढी प्रकल्पावर पदव्युत्तर पदवीसाठी काम करत होते, आणि आपल्याला सगळं कळतं यात मला तिळमात्र शंका नव्हती.

प्रयोग सोपा होता. गोठ्याचे तीन खण आणि प्रत्येक खणात सारख्याच वयाची, सारख्याच वजनाची नर कोकरं. तिन्ही खणांत खुराक तेवढाच तोलून द्यायचा, पण पहिल्या खणाच्या खुराकात मका जास्त आणि शेंगदाणा पेंड अगदी जेमतेम, दुसऱ्यात पेंड बेताची आणि तिसऱ्यात भरपूर. प्रथिनं बारा टक्के, पंधरा टक्के, अठरा टक्के. कोणत्या खुराकावर कोकरू चांगलं भरतं आणि खाल्लेल्यातलं किती त्याच्या अंगी लागतं, ते शोधायचं. अंगी किती लागलं ते कळायला बाहेर किती पडलं ते कळावं लागतं, म्हणून कोकरांना पिशव्या बांधून त्यांच्या लेंड्या आणि लघवी गोळा करायची. वसतिगृहातल्या मैत्रिणी मला जेवायला शेजारी बसू देत नसत, यात सगळं आलं.

आबा म्हणजे भिवाजी मासाळ, प्रकल्पावरचे राखणे. जतकडचे धनगर. उभी हयात मेंढरांमागे रानोमाळ चाललेले, गुडघे गेले म्हणून प्रकल्पावर रोजंदारीला लागलेले. आठवड्याला मी कोकरांची वजनं करायची, पण काटा हलायच्या आधीच आबा कोकराच्या पाठीवर, कमरेपाशी, बोटं दाबून सांगायचे, "भरलंय" नाहीतर "न्हाय भरलं." बहुतेकदा बरोबर यायचं आणि कधीकधी साफ चुकायचं. चुकलं की म्हणायचे, "काटा बिघडलाय."

पहिल्या खणातल्या कोकरांवर त्यांचा जीव होता. आबा नुसते खोकले तरी ती फाटकाशी धावत यायची आणि त्यांच्या हाताला तोंड लावायची. मी गोठ्यात पोचायच्या आधी आबा आलेले असत आणि मी गेल्यावर तेच कुलूप लावत. माणसाचा लळा लागतो म्हणतात तो हा, असं मी समजायचे.

त्या दिवसांत आबांची मुलगी त्यांना भेटायला आली. सुंद्रा. माझ्याच वयाची, काळीसावळी, उंच. नवऱ्यानं दुसरी बाई घरात आणून ठेवली होती आणि हिला दोघांची धुणीभांडी करायला लावली होती. वर्षभर सोसून एक दिवस ही अंगावरच्या लुगड्यानिशी माहेरी निघून आली होती. आबांनी तिला गोठ्यातच माझ्यापुढे उभं केलं.

"म्याडम, हिला जरा चार गोष्टी सांगा. बिरूनं इचार केलाय."

बिरू तिचा थोरला भाऊ. त्याचा विचार असा होता की, बहीण घरात राहिली तर लोक बोलणार आणि त्याची बायकोही बोलणार. पण बहीण आपल्या हिमतीवर जगतेय असं दिसलं तर सगळ्यांची तोंडं बंद होतील. कळपामागे आठ-आठ महिने परमुलखात फिरणं एकट्या बाईला जमायचं नाही. तेव्हा त्यानं कळपातली काही नर कोकरं तिच्या हवाली केली होती. ती तिनं घरीच बांधून पोसायची. जत्रेच्या बाजारात ती उठून दिसली, तर पुढच्या वर्षी तिला आणखी देणार आणि ती कायमची माहेरी राहणार. नाही दिसली, तर सासरचे न्यायला येतील तेव्हा तिनं गुमान जायचं.

"भाऊ वाईट न्हाय माझा," सुंद्रा म्हणाली. "त्यानं येक वाट तरी ठेवली. पर ताई, मला तिकडं परत जायाचं न्हाई. मरंन, पर जायाची न्हाई."

तिनं आवाज चढवला नव्हता. कोकरांना खाऊ काय घालायचं हे विचारायला आलेली बाई असं बोलली, आणि मला एकदम गोठ्यात उकडायला लागलं.

"पेंड किती घालावी लागंल?" तिनं विचारलं. "बिरू मका देतोय, कडबा हाय. पेंड लई न्हाई मिळायची."

मी तिला पहिल्या खणापाशी नेलं. तोवर बरेच आठवडे झाले होते आणि आमच्या प्रयोगात मोठी गंमत झाली होती. पहिल्या खणातली कोकरं, ज्यांना पेंड जेमतेम, ती दुसऱ्या खणाच्या बरोबरीनं वाढत होती. तिसऱ्यापेक्षाही फार मागे नव्हती. माझे मार्गदर्शक डॉ. पाटणकर सर भलतेच खुशीत होते. पेंड महाग, मका स्वस्त. कमी पेंडीवर कोकरू भरत असेल तर गोरगरीब मेंढपाळाला याहून चांगलं काय सांगणार?

प्रयोगशाळेत एक गोष्ट मात्र मला खुपत होती. पहिल्या खणातली कोकरं जेवढी प्रथिनं खात होती, त्या मानानं त्यांच्या लघवीतून प्रथिनांतलं नत्र जास्तच बाहेर पडत होतं. एवढं बाहेर टाकून वर अंगही धरत होती. हे म्हणजे रिकाम्या हौदातून पाणी काढल्यासारखं झालं. मी सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "काचेची नळी नीट धुतली नसशील. पुन्हा कर." मी पुन्हा केलं, तेच आलं. मग मीही म्हटलं, असेल बुवा आपल्याच हातात दोष.

"ही बघ," मी सुंद्राला म्हणाले. "यांना पेंड एवढीशीच असते. बघ कशी झालीत."

तिनं वाकून एका कोकराच्या पाठीवर बोटं दाबली, अगदी आबांसारखी. तिचा चेहरा उजळला. मग मी तिला डब्याच्या मापानं सांगितलं, मका किती, पेंड किती, कोंडा किती, मीठ किती. तिनं ते दोनदा म्हणून दाखवलं. तिला लिहायला येत नव्हतं, पण तिच्या म्हणण्यात एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

"ह्याच्याभायेर येक काडी घालायची न्हाई मी," ती म्हणाली आणि दुपारच्या गाडीनं गेली.

आबा तिला पोचवून आले तेव्हा खुशीत होते. "पोरगी राहतीया आता घरला," ते मला म्हणाले. "तुमचे लई उपकार झाले, म्याडम."

जत्रेच्या आधी बिरूचा निरोप आला. सुंद्राचा सासरा रविवारी न्यायला येतोय, आबांनी यावं. आबांनी मलाही गळ घातली.

"तुमी चला. कोकरं मागं पडल्यात म्हणतोय बिरू. त्याला काय कळतंय? तुमी शिकलेल्या. तुमी सांगितलं तर ऐकतील."

गाडीत मी खिडकीपाशी बसून मनात भाषण तयार करत होते. कोकराची वाढ एकसारखी नसते, शेवटी शेवटी ते झपाट्यानं भरतं, आणखी थोडे दिवस द्या, वगैरे. आबांनी मांडीवर एक पिशवी धरली होती. त्यात सासऱ्यासाठी पानसुपारी होती. व्याह्याचा मान राखायचा आणि मग लेक पाठवत नाही म्हणून सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

वस्तीवर पोचलो तर सासरा आधीच येऊन बसला होता. अंगणात घोंगडं टाकलेलं, त्यावर तो आणि बिरू. दोघं पावसापाण्याचं बोलत होते. बिरूनं मला नमस्कार केला आणि उठून आम्हाला घरामागच्या मेंढरांच्या वाड्याकडे नेलं. काट्याकुट्यांचं कुंपण, वर पाचटाचा आडोसा, आत सुंद्राची कोकरं.

बघितलं आणि माझं तयार केलेलं भाषण कुठल्या कुठे गेलं. कोकरं आजारी नव्हती. डोळे स्वच्छ होते, चालत-फिरत होती. पण केस राठ, पोट सुटलेलं, आणि कमरेची हाडं हाताला लागतील अशी. बिरूनं एक कोकरू धरून माझा हात त्याच्या पाठीवर ठेवला.

"बघा म्याडम. नुस्तं हाड. माझी कळपातली, रानात फिरणारी बरी हायेत ह्यांच्यापरीस. मी काय वैरी हाय का तिचा? पर ही बाजारात नेऊन मी काय सांगू लोकांस्नी?"

एवढं म्हणून तो पाहुण्याकडे परत गेला. वाड्यात आम्ही तिघंच उरलो.

मी सुंद्राला माप विचारलं. तिनं डबा दाखवला. मका, पेंड, कोंडा, मीठ, सगळं मी सांगितलं तस्संच. पाणी स्वच्छ. कडबा बारीक कुट्टी करून. जंताचं औषधही पाजलेलं. मी पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा सांगितलं. माझं डोकं चालेना. तोच खुराक, तेवढंच माप, तीच जात. तिकडे कोकरं गुबगुबीत आणि इकडे ही अशी?

आबा आत शिरून एका कोकराशेजारी खाली बसले होते. त्यांनी त्याच्या तोंडापुढे उघडा पंजा धरला. कोकरानं नुसता वास घेतला आणि ते बाजूला झालं.

"सुंद्रे," आबा म्हणाले, "तू ह्यांना मूठ देत न्हाईस व्हय गं?"

"कसली मूठ?"

"अगं मूठ. पेंडीची. सकाळच्याला येक आन् संध्याकाळच्याला येक. कोकराला हाताची सवय नगं?"

मला आधी अर्थच लागला नाही. मग एकदम सगळा लागला.

"आबा," मी म्हणाले, "तुम्ही तिकडे मूठ देत होता? कोणाला?"

"पहिल्या खणातल्यांस्नी. बाकीच्यांस्नी कशाला? त्यांस्नी तुमीच रग्गड घालताय." आबांनी अगदी सहज सांगितलं. "प्रकल्पाची न्हाय हं म्याडम. घाण्यावरनं मी सोता आणायचो. तुमच्या खुराकाला हात बी न्हाय लावला. तो तुमचा तोललेला. मूठ निराळी. मूठ म्हंजे काय वैरण असती व्हय? ती आपली मायेची."

त्यांच्या चेहऱ्यावर लपवाछपवी अशी नव्हतीच. मेंढराला तोलून घातलं ते खाणं, आणि हातावर दिली ती माया. मायेचं कुणी वजन करत नाही. विचारलं असतं तर त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. मी विचारलं नव्हतं, कारण असं काही विचारायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

शेंगदाणा पेंडीत निम्मी प्रथिनंच असतात म्हणा ना. दिवसाला दोन मुठी, त्याही आबांच्या रुंद पंजाच्या. बारा टक्क्यांचा खण कधीच पंधराच्या पुढे गेला होता. लघवीतलं ते जास्तीचं नत्र कुठून येत होतं ते मला आता कळलं. आणि सुंद्रानं मात्र काडीही बाहेरची घातली नव्हती.

ती माझ्याकडे टक लावून बघत होती.

"आबा, जावा तुमी, मामंजींच्यापाशी बसा," ती म्हणाली. "आमी आलोच."

आबा गुडघ्यावर हात टेकत उठले आणि गेले. ते कोपऱ्याआड झाल्यावर मगच ती बोलली.

"ताई, दोन मुठीनं येवढा फरक पडतो?"

"पडतो."

"म्हंजे तुमचं माप..."

"माप चुकीचं होतं. तिकडची कोकरं त्या मापावर वाढलीच नव्हती. तुझी काही चूक नाही, सुंद्रा. मी आत्ता जाऊन बिरूला सांगते. कोकरांची आणखी एक खेप मागून घेऊ."

मी निघाले, तर तिनं माझं मनगट धरलं. पकड केवढी होती तिची.

"काय सांगनार?"

"जे झालं ते."

"आबांनी मूठ दिली म्हनून लेकीचा संसार... म्हंजे माहेर बुडालं, असं? मामंजींच्या म्होरं?" ती हळू आवाजात भराभर बोलत होती. "बिरू आबांस्नी काय बोलंल ते तुमास्नी ठावं न्हाई. जलमभर बोलंल. आन् तुमचे साहेब? ठेवतील त्यांस्नी कामावर?"

"साहेबांचं मी बघते."

"ते बी ऱ्हाऊ द्या. आबांचं काय? म्या त्यांच्या हातानं बुडाले हे त्यांस्नी कळलं तर ते पुन्यांदा कुनाच्या तोंडाम्होरं हात धरनार न्हाईत. दुसरं हाय काय त्यांच्यापाशी?"

"अगं पण तुला परत जावं लागेल."

"व्हय."

"तू म्हणाली होतीस मरेन पण जाणार नाही."

तिनं माझा हात सोडला. तिनं कुंपणाकडे तोंड फिरवलं. रडत होती की नाही, मला दिसलं नाही.

"तवा म्हनले हुते," ती म्हणाली. "ताई, तुमी बोलायचं न्हाई. माझी आन हाय तुमास्नी."

आम्ही अंगणात गेलो. बिरूनं विचारलं, "काय म्हनताय म्याडम? कशानं झालं?"

मी तोंड उघडायच्या आत सुंद्रा बोलली.

"माझंच चुकलं, दादा. ताईंनी बरूबर सांगितलं हुतं. म्याच पेंड कमी घातली. वाचवावी म्हनलं जरा."

सासरा हसला. बिरूनं कपाळाला हात लावला. आणि आबा, जे आतापर्यंत पानाला चुना लावत होते, ते लेकीकडे बघतच राहिले. त्यांना धक्का बसला होता.

"मुक्या जनावराच्या तोंडचं काढलंस?" ते म्हणाले. "तू? माझी लेक असून?"

सुंद्रानं मान खाली घातली. मी आबांकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि गप्प राहिले. आणेचा मान राखला म्हणा, नाहीतर दुसरं काही सुचलं नाही म्हणा. संध्याकाळच्या आत ती सासऱ्यामागून चालत निघाली. डोक्यावर एक गाठोडं होतं. आबा तिला वेशीपर्यंतही पोचवायला गेले नाहीत, इतके रागावले होते.

महाविद्यालयात आल्यावर मी सरांना एवढंच सांगितलं की पहिल्या खणाचे आकडे भरवशाचे नाहीत, प्रयोग पुन्हा करावा लागेल. सर माझ्यावर कडाडले. त्यांनी एका मेळाव्यात ही शिफारस सांगूनही टाकली होती. पण कारण मी सांगितलं नाही आणि शेवटी त्यांनी खोदलं नाही. एक वर्ष गेलं माझं. दुसऱ्या खेपेला मी आबांना कोकरांवरून काढून गाभण मेंढ्यांच्या गोठ्यावर दिलं. त्यांना ते फार लागलं. "माझी कोकरं काढून घेतली," असं प्रकल्पभर सांगत फिरायचे. पहिल्या खणातली कोकरं या वेळी जशी राहायची तशीच राहिली, सुंद्राच्या कोकरांसारखी. पंधरा टक्के योग्य ठरलं. मला पदवी मिळाली, नोकरी मिळाली. आजही तो आकडा वर्गात शिकवताना माझी जीभ क्षणभर अडते, आणि मुलांना वाटतं मॅडमचं वय झालं.

मला हळहळ वाटते ती एवढ्याचीच. कोकरांची आणखी एकच खेप मिळाली असती तर ती बाई माहेरी राहिली असती. तिच्याजवळ काय कमी होतं? हिंमत होती, हात होता, सांगितलेलं अक्षरशः पाळायची शिस्त होती. तिनं जरा कमी ऐकलं असतं, तरी वाचली असती.

बऱ्याच वर्षांनी आबा शेवटच्या दुखण्यात वस्तीवर पडले होते तेव्हा मी त्यांना बघायला गेले. सुंद्रा सासरहून आली होती, त्यांचं सगळं तीच करत होती. तिचे केस पिकले होते आणि समोरचे दोन दात नव्हते. कशानं गेले ते मी विचारलं नाही. आबांनी मला ओळखलं. बोलायला त्रास होत होता तरी थांबत थांबत ते बोलले.

"म्याडम. तुमची इद्या खरी हुती. म्या सगळ्यांस्नी सांगतो. खोट हुती ती हिच्या हातात. हात आखडता हिचा. जितराबाला घालताना जीव जायाचा हिचा."

सुंद्रा त्यांना पेज भरवत होती. तिनं त्यांच्या ओठावरून ओघळलेलं पदरानं टिपलं.

"व्हय, आबा," ती म्हणाली.

"आता तरी कळलं का?"

"कळलं की."

आबांचं समाधान झालं. त्यांनी डोळे मिटले. मला राहवेना. शब्द अगदी ओठांवर आले होते. तिनं माझ्याकडे बघितलं, पुढचा चमचा भरला आणि म्हणाली,

"ताई, चहा घ्या. निवतोय."

मी चहा घेतला.